फटफटीला पेटी बसवताना

मागचे काही महिने नागपुरात जिथे जिथे मोटारसायकल उभी दिसली तिथे तिथे वाकून मी तिचा मागचा भाग पाहत होतो. दूधवाल्याची, औषध कंपनीच्या माणसाची, कुरिअरवाल्या पोराची, पाव-टोस्ट विकणाऱ्याची. सीताबर्डीला एका पार्किंगवाल्याने मला हटकलेदेखील. "काय भाऊ, केव्हाचे काय पाहून राहिले?" मी खरे तेच सांगितले, "पेटी कशी बसवली ते पाहून राहिलो." त्याचा काही विश्वास बसला नाही. वाचकहो, आपलाही बसणार नाही, म्हणून आधी कारण सांगतो.

मी कारकून. आठवडाभर साहेबांचे कागद सांभाळतो आणि रविवारी आपल्या माणसांचे. निराधार योजनेचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, उत्पन्नाचे दाखले, जातपडताळणीची प्रकरणे. उमरेड रस्त्याने भिवापूरपर्यंतच्या चार-पाच खेड्यांत आमचे हे काम चालते. पूर्वी या मार्गावर नागपूर-नागभीड अशी छोटी रेल्वे होती. इंग्रजांच्या काळातली, हळू चालणारी, पण मिरचीच्या पोत्यापासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सगळे पोटात घेणारी. २०१९ साली रुळ मोठे करण्यासाठी ती बंद झाली. एस.टी.ने फाट्यावर उतरता येते, पण फाट्यापासून गाव तीन-चार किलोमीटर. तेव्हा मी फटफटी काढली. फटफटी म्हणजे २००९ सालची हीरो होंडा स्प्लेंडर. पंधरा वर्षे पुरी झाल्यावर २०२४ साली तिचे पुन्हा पासिंग करून घेतले. अजून एका किकमध्ये सुरू होते.

आता ती घटना. जुलै महिना होता. रेक्झिनची बॅग कॅरिअरवर ठेवून दोन टोकांना हूक असलेल्या रबराने बांधली होती. सगळेच बांधतात. बॅगेत अकरा जणांची कागदपत्रे होती. त्यात एका मुलाच्या आजोबांचा शाळेचा दाखला होता, १९४४ सालचा, निळ्या शाईने हाताने लिहिलेला. ज्यांनी जातपडताळणी केली आहे त्यांना त्या कागदाची किंमत सांगायला नको. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आणि आपल्या किती घरांतले आजोबा तेव्हा शाळेत गेले होते? ज्या घरात गेले त्या घरात तो कागद सोन्यासारखा जपलेला असतो. त्या मुलाच्या आईने तो लुगड्याच्या घडीतून काढून माझ्या हातात दिला होता.

उमरेड सोडले आणि पाऊस लागला. रेनकोट घालायला थांबलो तेव्हा बॅग होती. गावात पोचून मागे हात नेला तर रबर होते, बॅग नव्हती. तसाच उलटा फिरलो. नऊ किलोमीटर मागे एका मोरीजवळ ती सापडली. कोणा गुराख्याने पाण्यातून काढून दगडावर ठेवली असावी. चेन उसवलेली होती. झेरॉक्स प्रती ओल्या झाल्या, पण त्यांची शाई पाण्याने उतरत नाही. वाळवून त्या कामी आल्या. आजोबांच्या दाखल्यावर मात्र निळे ढग उरले होते. मधोमध शिक्का तेवढा दिसत होता. झेरॉक्स काढलेली होती, पण पडताळणीच्या वेळी मूळ कागद दाखवावा लागतो. शाळेत जाऊन नवी नक्कल काढावी म्हटले तर त्या काळचे रजिस्टर वाळवीने खाल्लेले निघाले. शेवटी चुलत आजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल मिळाली, पण ती मिळेपर्यंत हिवाळा आला होता. मुलाचे प्रवेशाचे ते वर्ष गेले.

त्याची आई मला काही बोलली नाही. तिने चहा केला आणि पहिला कप मलाच दिला.

त्यानंतर मी पेटी शोधायला लागलो.

पहिल्यांदा ॲक्सेसरीजच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे सीटच्या मागे बसवायच्या प्लास्टिकच्या, घुमटासारख्या झाकणाच्या पेट्या रांगेने मांडल्या होत्या. मुलगा म्हणाला, "अंकल, ही घ्या, पंचेचाळीस लिटर. दोन हेल्मेट आरामात बसतात." दिसायला देखणी, कुलूप चांगले, एका बटणाने निघते. मी विचारले, "वजन किती घेते?" तो म्हणाला, "बसते तेवढे भरा."

इथेच ग्यानबाची मेख आहे. लिटर हे मापच आपल्या कामाचे नाही. ए-फोर कागदाचे पाचशे पानांचे एक रीम अडीच किलो भरते आणि साधारण तीन लिटर जागा खाते. म्हणजे त्या पंचेचाळीस लिटरच्या पेटीत चौदा रीम बसतील आणि वजन होईल पस्तीस किलो. पेटीचे झाकण उलटून पाहिले तर आत बारीक अक्षरात वजनाची मर्यादा छापलेली होती, ती पाच किलोची. विकणाऱ्या मुलाने ती कधी वाचली नसावी. हेल्मेट म्हणजे हवा. कागद म्हणजे जवळजवळ पाणी. ज्याला कपडे न्यायचे आहेत त्याने लिटर बघावेत. ज्याला कागद, पुस्तके, नळदुरुस्तीची हत्यारे किंवा धान्य न्यायचे आहे त्याने किलो बघावेत.

दुसरी अडचण जागेची. ही पेटी मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लोंबते. खेड्यातल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बंडीत माल मागे जास्त झाला की बंडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते. फटफटीचेही तसेच. मागे दहा-पंधरा किलो लटकले की हँडल हलके लागते, पुढचे चाक रस्त्यावर नुसते टेकल्यासारखे चालते, आणि ओल्या वळणावर ते आपले ऐकत नाही. मोठ्या गाडीला हे खपून जाते. आपली स्प्लेंडर जेमतेम एकशेदहा-बारा किलोची.

आमचा एक पुस्तकवाला मित्र आहे. दर ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर त्याचे दुकान असते आणि बाकीचे वर्ष तो मोटारसायकलवर गठ्ठे घेऊन गावोगाव हिंडतो. त्याला गाठले. त्याने आपल्या गाडीवरच्या दोन्ही बाजूंच्या झोळ्या दाखवल्या. ताडपत्रीच्या कापडाच्या, सीटवरून आडव्या टाकलेल्या, मध्ये रुंद पट्टा. पूर्वी तांड्यातल्या बैलांच्या पाठीवर दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या असत, कुंभाराच्या गाढवावरही असत, तोच हा प्रकार. तो म्हणाला, "वजन खाली पाहिजे, पुढं पाहिजे अन् दोन्हीकडं सारखं पाहिजे. बाकी सगळं मग." झोळी स्वस्त, हलकी, घरी नेऊन धुता येते. पण त्याच्या उजव्या झोळीला भाकरीएवढे भोक होते. स्प्लेंडरचा सायलेन्सर उजवीकडे असतो. झोळी लोंबली आणि सायलेन्सरला टेकली की कापड जळते. त्याचे दोन गठ्ठे असेच करपले होते. शिवाय झोळीला कुलूप नाही. तहसील कचेरीबाहेर गाडी उभी करून तीन तास रांगेत उभे राहायचे, तर झोळी खांद्यावर घेऊन उभे राहावे लागते.

त्याचे ते तीन शब्द मात्र मी घेतले: खाली, पुढे, सारखे. आम्ही बी.कॉम.वाले, डावी आणि उजवी बाजू जुळली नाही तर आम्हाला तशीही झोप लागत नाही.

म्हणून ठरवले, बाजूच्या पत्र्याच्या पेट्या करून घ्यायच्या. इतवारीत लोहा ओळीकडे गेलो. या भागात सकाळी अकरानंतर पत्र्यावरच्या हातोड्याचा जो आवाज चालू असतो त्यात बोलायचे म्हणजे ओरडावेच लागते. सळ्या, अँगल, कढया, साखळ्या, कोठ्या, सगळे रस्त्यावर आलेले, आणि त्यातून हातगाडी, सायकल रिक्षा आणि आपण. एका गल्लीत ट्रंका करणारे चाचा भेटले. मी हाताने हवेत पेटी दाखवली, एवढी लांब, एवढी उंच. ते म्हणाले, "साहेब, माप आणलं का? अंदाजानं केली तर दिवाणाखालची ट्रंक होते, फटफटीची पेटी नाही होत." मला परत पाठवले. खरा कारागीर.

घरी येऊन टेप घेऊन बसलो. हे ज्यांना करायचे असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

आधी सामान मोजावे, मग गाडी, आणि पेटी सगळ्यात शेवटी. माझे सामान म्हणजे फुलस्केप फाइल, पंचवीस बाय पस्तीस सेंटिमीटर. ती न दुमडता बसली पाहिजे. दुमडलेला दाखला घडीवर फाटतो हे कोणत्याही कारकुनाला विचारा. मी पहिला आराखडा ऐसपैस केला: लांबी ४०, उंची ३५, रुंदी २२. मग गाडी मोजली. स्प्लेंडरचे हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७२ सेंटिमीटर. मागे गाडीच्या मध्यापासून डावीकडे १८ सेंटिमीटर सोडल्याशिवाय पेटी बसत नाही, आणि उजवीकडे सायलेन्सरपासून चार बोटे अंतर ठेवायचे म्हणून २१. त्यात दोन पेट्यांचे ४४ मिळवले तर झाले ८३. म्हणजे हँडल जिथून निघेल तिथून पेटी निघणार नाही. आपण गर्दीत नेहमी हँडल बघून गाडी घालतो. मागची पेटी कोणाच्या तरी गुडघ्याला लागणार. इतवारीत तर नक्कीच. म्हणून रुंदी १५ वर आणली. बेरीज ६९. हँडलच्या आत.

मग वजन. वर्गमूळ नको, साधा गुणाकार. पहिल्या आराखड्याच्या पेटीला सगळ्या बाजू मिळून ६,१०० चौरस सेंटिमीटर पत्रा लागत होता. बावीस गेजचा, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटरहून थोडा जाड पत्रा घेतला तर एक रिकामी पेटी पावणेचार किलोच्या वर. दोन पेट्या आणि सांगाडा मिळून अकरा किलो, एकही कागद न ठेवता! आटोपशीर केलेली पेटी, ३८ लांब, २८ उंच, १५ रुंद, सव्वीस गेजच्या पातळ पत्र्याची, बिजागरी आणि कडीसकट दोन किलोत होते. दोन पेट्या चार किलो, सांगाडा तीन किलो. एका पेटीत सहा-सात फाइली, म्हणजे पाचेक किलो. पुरे.

हा हिशेब मी मोठ्या अभिमानाने पत्नीला दाखवला. तिने कागद पाहिला, बाहेर जाऊन गाडी पाहिली आणि आत येऊन विचारले, "अन् मी कुठं बसू?"

तिचा प्रश्न बरोबर होता. ती साडी नेसून एका बाजूला बसते. डावीकडे तिचे पाय, पायदान आणि साडीगार्ड. तिथेच माझी डावी पेटी येत होती. "तुमच्या फायलींले जागा आहे अन् माझ्या पायाले नाही?" ती म्हणाली. काही लोक पेटी बसवताना साडीगार्ड सरळ काढून टाकतात. भगिनींनी हे मुळीच चालवून घेऊ नये. मागचे निम्मे चाक झाकले जाईल असे आवरण, मागे बसणाऱ्याला धरायला हँडल आणि पायदान, या तीन गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सांगितलेल्या आहेत. पदर किंवा ओढणी चाकात गेली म्हणजे काय होते ते आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचले आहे.

२०२० साली या नियमांत पेटीचाही उल्लेख आला. हलकी पेटी लावता येते, पण लांबी ५५, रुंदी ५१ आणि उंची ५० सेंटिमीटरच्या आत. ती मागच्या माणसाच्या जागेवर ठेवली तर गाडीवर एकट्यानेच बसायचे. त्याच्या मागे ठेवली तर दोघे चालतात, मात्र एकूण वजन कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत पाहिजे.

ही वजनाची मर्यादा कोणी बघत नाही. मीही सोळा वर्षांत पाहिली नव्हती. गाडीसोबतचे पुस्तक माळ्यावरून काढले. त्यात भार १३० किलो लिहिलेला, चालक, मागचा माणूस आणि सामान सगळे धरून. आता मांडा. मी ६८, पत्नी ५८, झाले १२६. तीन किलोचा सांगाडा, १२९. उरला एक किलो. एक किलोत जेवणाचा डबा आणि पाण्याची अर्धी बाटली येते. तिघे बसून, वर तांदळाचे कट्टे घेऊन जाणाऱ्या स्प्लेंडरी आपण रोज बघतो, गाडी चालतेही. पण ब्रेक लावल्यावर ती कुठे थांबते ते विचारू नका.

तेव्हा मुद्दा असा निघाला की, कोणती पेटी घ्यावी यापेक्षा ती निघते कशी हे महत्त्वाचे. पत्नी सोबत असेल त्या दिवशी दोन्ही पेट्या घरी, गाडीवर नुसता सांगाडा. मी एकटा असेन तेव्हा पेट्या गाडीवर. आणि काढघाल दोन मिनिटांत झाली पाहिजे, नाही तर माणूस आळसाने ठेवतोच आणि मग साडीगार्डवर पाय घासत बायको बसते. पत्नीने आराखड्याच्या खाली पेनने लिहून दिले: ‘काढता येणारी’. सही तेवढी राहिली.

चाचांनी मापे पाहिली आणि मान हलवली. मग त्यांनी जे शहाणपण दाखवले ते कोणत्या दुकानात मिळाले नसते. पेटीच्या पाठीला दोन आकडे, ते सांगाड्याच्या आडव्या सळीवर अडकतात. खाली एक बोल्ट, आणि त्याचा हाताने फिरवायचा नट पेटीच्या आत. म्हणजे झाकणाला कुलूप असले की पेटीही चोरता येत नाही. झाकणाची कड तीन बोटे खाली उतरवली, पावसाचे पाणी ओघळून बाहेर पडावे म्हणून. तळाला त्यांनी एक भोक पाडले तेव्हा मी ओरडलोच. ते म्हणाले, "साहेब, पाणी येतेच. आलं तर गेलं पाहिजे." भोकाच्या वर लाकडाच्या तीन पट्ट्या, फाइली पट्ट्यांवर. सांगाड्याला आणि पेटीला मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, खडखडाट होऊ नये म्हणून. सगळे मिळून ३,४०० रुपये झाले. प्लास्टिकच्या पेटीपेक्षा स्वस्त, आणि पत्रा चेपला तर लाकडी हातोड्याने घरी सरळ होतो.

सांगाडा बसवताना एक काळजी घ्यावी. वेल्डिंगवाला म्हणेल, चेसिसलाच टाका मारून देतो, कायमचे काम होईल. मारू देऊ नये. मूळ लोखंड तिथे कमकुवत होते, आणि पासिंगच्या वेळी उत्तर आपल्याला द्यावे लागते. शॉकॲबच्या आणि मागच्या पायदानाच्या बोल्टांवरच सांगाडा पकडावा. इंडिकेटर, लाल दिवा आणि नंबर प्लेट मागून आणि तिरक्या अंगानेही दिसते आहे ना, हे दुसऱ्याला उभे करून बघावे. मागच्या चाकात हवा किती ठेवायची ते त्याच पुस्तकात आहे, एकट्यासाठी वेगळी आणि ओझ्यासाठी वेगळी.

पहिली चाचणी घराच्या नळाखाली. पेट्यांत जुनी वर्तमानपत्रे भरून दहा मिनिटे पाणी सोडले. उजवी कोरडी. डावीच्या बिजागरीतून रुपयाएवढा डाग आला. चाचांनी तिथे रबर लावून दिले. तरीसुद्धा फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच पेटीत ठेवायची, असे मी ठरवले आहे. उन्हाळ्यात मात्र उलटे. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा उष्णतेत झेरॉक्सची शाई प्लास्टिकच्या फोल्डरला चिकटते आणि अक्षरे फोल्डरवर जातात. तेव्हा मध्ये कोरा कागद घालावा आणि गाडी सावलीत लावावी.

जानेवारीतल्या एका रविवारी दोन्ही पेट्या भरून निघालो. इंदोऱ्याहून पाचपावली, मग सक्करदरा, दिघोरी, आणि शहर सुटले. पहिले चार किलोमीटर सारखा मागे बघत होतो, नवा सायकलस्वार बघतो तसा. दिघोरीपुढे रस्ता मोकळा होतो. ताशी पंचेचाळीसच्या पुढे गेलो नाही. हँडल नेहमीसारखे जड होते, उलार नव्हते. ब्रेक थोडा आधी दाबावा लागतो हे पहिल्याच गतिरोधकावर कळले. कोळशाचे ट्रक शेजारून गेले की पेट्यांवर वारा आदळतो आणि गाडी हातभर सरकते. ती सवय दोन-तीन ट्रकनंतर होते. उमरेडजवळ कोळसा खाणीच्या मातीचे डोंगर दिसतात, नवख्या माणसाला वाटते खरेच डोंगर आहेत. पुढे कऱ्हांडल्याचे जंगल. वाघाच्या पाट्या लावलेल्या आहेत. मोरीजवळ मी थांबलो. मोरीत पाणी नव्हते. तो दगड होता तिथेच होता. कुलूप ओढून पाहिले आणि निघालो.

भिवापूरला मिरचीचे सातरे चालू होते. अंगणभर लाल पसारा, आणि तोंडाला पदर बांधून देठ खुडणाऱ्या बाया. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण ठसका मानांकनाच्या आधीपासूनचा. हेल्मेटची काच खाली केली तरी डोळ्यांतून पाणी येते. एका हॉटेलपुढे गाडी लावली तर पाच-सहा पोरे जमली. "काका, दुधाची आहे का?" "मासोळीची आहे?" एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, पेटीवर टकटक केली, रिकामा आवाज आला नाही म्हणून समाधानाने मान हलवली आणि "इतवारीचं काम" एवढेच म्हणाले.

त्या दिवशी पवनीलाही एक काम होते. भिवापूरपुढे वैनगंगेच्या अंगाला पवनी लागते. भंडारा जिल्ह्यातले हे गाव आता लहान वाटते, पण एके काळी मोठे नगर होते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर स्तूप सापडला. गावाभोवती जुना तट आहे, खंदक आहे आणि दगडी दरवाजा. त्या दरवाजातून आत शिरताना माझ्यापुढे बंडी होती आणि मागून टेम्पो. मी अंग चोरून हँडल घातले. हँडल निघाले. एक क्षण श्वास धरला. पेट्याही निघाल्या. एकोणसत्तर सेंटिमीटर!

परतताना त्या मुलाच्या घरी गेलो. तो आता नागपुरात शिकतो, एक वर्ष मागे. त्याच्या धाकट्या बहिणीचे प्रकरण टाकायचे होते. आई बाहेर आली, गाडीभोवती फिरली, झाकण उघडून आत हात घातला, लाकडी पट्ट्या चाचपल्या. मग घरातून कोतवाल बुकाची ती नक्कल घेऊन आली. तिने ती पेटीत ठेवायला हात पुढे केला.

मी म्हणालो, "बाई, पेटीत झेरॉक्स. हा कागद इथे." आणि रेनकोटच्या आत गळ्यात अडकवलेली कापडी पिशवी दाखवली.

१९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी आपली पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती. महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले. बाबासाहेब सुखरूप पोचले, भरपाईचे पैसेही मिळाले, पण पुस्तके समुद्रातच राहिली. मी हे तिला सांगितले. तिने विचारले, "मग साहेबांनी पुस्तकं परत घेतली का?"

"पुष्कळ घेतली," मी म्हणालो. "राजगृहात ठेवायला जागा कमी पडावी इतकी."

तिने नक्कल माझ्या पिशवीत स्वतः ठेवली, पिशवीचे बटण लावले आणि दोनदा ओढून पाहिले. मग आत गेली आणि दोन्ही पेट्यांत वजन सारखे राहावे म्हणून अर्धा-अर्धा किलो मिरची घालून दिली.